थॉमस रफिन: एका न्यायाधीशाची कारकीर्द, वकिलाच्या नजरेतून

कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वकिली, आमदारकी आणि न्यायासन हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला कसं येत असे? आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या थॉमस रफिनची गणना थोर न्यायाधीशांत होते, मग त्याचाच पुतळा न्यायालयाच्या इमारतीतून का हलवला?

माझी बरीच वर्षं अपिलाच्या कामात गेली आहेत, म्हणून उत्तर निकालपत्रांच्या अंगाने देतो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. रफिनची विद्वत्ता खरी होती. त्याचा सर्वांत कुप्रसिद्ध निकाल त्याच विद्वत्तेच्या बळावर लिहिला गेला आहे. कायद्यापुढे माझा नाइलाज आहे, असं तो त्या निकालात म्हणतो. कागद बघितले तर तसा नाइलाज दिसत नाही.

रफिन 17 नोव्हेंबर 1787 रोजी व्हर्जिनियात जन्मला. 1805 मध्ये प्रिन्स्टनमधून पदवी घेऊन पीटर्सबर्गला एका वकिलाच्या हाताखाली शिकायला राहिला. विनफिल्ड स्कॉट हा पुढे अमेरिकेचा सेनापती झालेला तरुण तिथे त्याच्यासोबत शिकत होता. त्या काळी लॉ कॉलेज फार थोड्यांनी पाहिलेलं असायचं. एखाद्या नावाजलेल्या वकिलाच्या कचेरीत बसायचं, ब्लॅकस्टोनचा इंग्रजी कायद्यावरचा ग्रंथ वाचायचा, दाव्याचे मसुदे उतरवून काढायचे आणि मग न्यायाधीशांसमोर परीक्षा देऊन सनद घ्यायची, अशी रीत होती. 1807 च्या सुमारास कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात आलं आणि रफिन आर्चिबाल्ड मर्फी या वकिलाकडे शिकू लागला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. 1808 मध्ये सनद मिळाली. 1809 मध्ये तो हिल्सबरो गावी स्थायिक झाला आणि तिथल्या कर्कलंड या सधन व्यापारी घराण्यातल्या अ‍ॅनशी त्याचं लग्न झालं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तेव्हा राज्याचे न्यायाधीश विधिमंडळ निवडत असे. गव्हर्नरलाही विधिमंडळच निवडायचं. त्यामुळे ज्या वकिलाला न्यायासनावर जायचं असेल त्याची विधिमंडळात ओळख असावीच लागे, आणि ओळखीचा सरळ मार्ग म्हणजे स्वतः निवडून जाणं. दुसरा मार्ग सर्किटचा. वकील घोड्यावर किंवा छोट्या गाडीतून न्यायाधीशाच्या मागोमाग एका काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) दुसऱ्या काउंटीत जात. कोर्टाच्या आठवड्यात अख्खी काउंटी गावात लोटायची. जमिनीचे व्यवहार, गुलामांचे लिलाव, कर्जाची वसुली आणि राजकीय भाषणं त्याच चौकात व्हायची. वकील एकाच खानावळीत उतरायचे, एकाच टेबलावर जेवायचे. पुढे त्यातलाच कुणी आमदार व्हायचा आणि कुणी न्यायाधीश. वकिली, मळा आणि राजकारण अशी तीन वेगळी क्षेत्रं होती अशी कल्पना केलीत तर हा समाज कळणारच नाही. माणसं तीच होती, पैसा तोच होता आणि निर्णयही त्यांच्याच हाती होते.

रफिन 1813, 1815 आणि 1816 मध्ये हिल्सबरो गावाचा प्रतिनिधी म्हणून हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेला. राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचं तेव्हा हेच नाव होतं. 1816 मध्ये तो स्पीकर झाला आणि त्याच वर्षी सुपिरियर कोर्टाचा, म्हणजे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा, न्यायाधीश म्हणून निवडला गेला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. एवढ्या लवकर मिळालेलं पद त्याने 1818 मध्ये सोडलं, आणि त्याला कारण पैसा होता. गुरू मर्फीच्या कर्जरोख्यांवर रफिन जामीन राहिला होता. मर्फी हा दूरदृष्टीचा माणूस. सार्वजनिक शाळा, कालवे, रस्ते यांच्या योजना त्याने विधिमंडळात मांडल्या होत्या, पण स्वतःच्या व्यवहारात तो बुडत गेला. 1819 च्या आर्थिक मंदीने तर असे सगळेच कर्जदार भुईसपाट केले. न्यायाधीशाच्या पगारात जामिनाची देणी फिटणं शक्य नव्हतं, म्हणून रफिन वकिलीत परतला. विल्यम ग्रॅहमने त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या स्मृतिभाषणात सांगितलं आहे की, त्या वर्षांत वर्षातले त्रेचाळीस आठवडे तो कोर्टाच्या कामात असे. ज्यांनी जिल्हा न्यायालयांत फिरती वकिली केली आहे त्यांना या आकड्यामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

मर्फीचा हॉ नदीकाठचा मळा पुढे रफिनच्याच ताब्यात आला. गुरूचं दिवाळं निघालं आणि जामीन राहिलेला शिष्य त्याच्या जमिनीचा मालक झाला. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. मात्र रफिनचं जमीनदार होणं त्याच्या वकिलीतून आणि कर्जाच्या व्यवहारांतूनच कसं घडलं, ते यावरून कळतं.

1825 ते 1828 या काळात तो पुन्हा सुपिरियर कोर्टाचा न्यायाधीश होता. मग अडचणीत आलेल्या स्टेट बँक ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचा अध्यक्ष होऊन त्याने तिचा कारभार मार्गी लावला. 1829 च्या अखेरीस विधिमंडळाने त्याला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर पाठवलं. हे न्यायालय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं होतं. 1818 च्या कायद्याने तीन न्यायाधीशांचं स्वतंत्र न्यायालय नेमलं आणि 1819 पासून ते काम करू लागलं. लोकांना ते महाग आणि उच्चभ्रू वाटायचं, विधिमंडळात त्याच्या मुळावर येणारे प्रस्तावही यायचे. 1833 मध्ये विल्यम गॅस्टन न्यायासनावर आला. जोसेफ डॅनियल आधीपासून होताच. रफिन, डॅनियल आणि गॅस्टन या तिघांनी न्यायालयाचं वजन इतकं वाढवलं की त्याच्या अस्तित्वाचा वाद मागे पडला. मुख्य न्यायाधीश न्यायाधीशांनीच आपल्यातून निवडायचा असे. रफिन आणि डॅनियल यांनी नाणं उडवून तो प्रश्न सोडवला, अशी आख्यायिका आहे. ते कसंही असो, 1833 पासून 1852 मध्ये निवृत्त होईपर्यंत मुख्य न्यायाधीश रफिनच होता. या काळात त्याने हजाराहून अधिक निकाल लिहिले. हार्वर्डचा डीन रॉस्को पाउंड याने विसाव्या शतकात अमेरिकेतल्या दहा थोर न्यायाधीशांची यादी केली, तिच्यात रफिन आहे. ही थोरवी कशाच्या आधारावर, हेही पाहायला हवं.

दोन निकाल सांगतो. पहिला 1837 चा, रॅले अँड गॅस्टन रेल्वे कंपनी विरुद्ध डेव्हिस. खासगी रेल्वे कंपनीला शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेता येईल का, आणि मोबदला ज्युरीशिवाय ठरवता येईल का, असा मुद्दा होता. रेल्वे खासगी भागधारकांची असली तरी तिचा रस्ता सार्वजनिक उपयोगाचा आहे, म्हणून विधिमंडळ तिला भूसंपादनाचा अधिकार देऊ शकतं, असं रफिनने ठरवलं. वाफेचं इंजिन तेव्हा नवीन होतं. जुन्या इंग्रजी कायद्यात या प्रश्नाचं तयार उत्तर नव्हतं. रफिनने मुळापासून विचार केला आणि राज्याच्या विकासाला वाट करून दिली. त्याच्या लेखनाची खासियत इथे दिसते. दाखल्यांची, म्हणजे आधीच्या निकालांची, रास तो रचत नाही. तत्त्व मांडतो, त्यातून पायरीपायरीने निष्कर्ष काढतो, आणि आपण दुसरा निष्कर्ष काढूच शकत नाही असं वाचणाऱ्याला वाटू लागतं.

दुसरा निकाल त्याच्या चार वर्षं आधीचा, होक विरुद्ध हेंडरसन. लॉसन हेंडरसन हा लिंकन काउंटीच्या कोर्टाचा क्लार्क होता आणि वर्तणूक चांगली आहे तोवर पदावर राहण्याचा त्याचा हक्क होता. विधिमंडळाने नवा कायदा करून क्लार्क लोकांनी निवडायचे असं ठरवलं आणि होक निवडून आला. रफिन म्हणाला, हे पद हेंडरसनची मालमत्ता आहे. विधिमंडळ पदच रद्द करू शकेल, पण एकाचं काढून दुसऱ्याला देऊ शकत नाही, कारण ती न्यायनिवाड्याविना मालमत्तेची जप्ती ठरेल. विधिमंडळाने निवडलेला न्यायाधीश विधिमंडळालाच थांबवतो आहे, ही धिटाई कौतुकाची आहे. राज्यात हा निकाल 1903 पर्यंत टिकला.

मालमत्तेचा हा विचार ध्यानात ठेवा. एका क्लार्कची खुर्ची मालमत्ता ठरल्यामुळे तिला न्यायालयाचं संपूर्ण संरक्षण मिळालं. त्याच न्यायाधीशाने त्याआधी चारच वर्षं, एक माणूस मालमत्ता ठरल्यामुळे त्याला न्यायालयाचं दारच बंद केलं होतं. तो निकाल म्हणजे स्टेट विरुद्ध मॅन.

या खटल्याची कागदपत्रं मी वकील म्हणून वाचतो तेव्हा आधी वस्तुस्थिती बघतो. चोवान काउंटीत लिडिया नावाची एक गुलाम स्त्री होती. तिची मालकी एलिझाबेथ जोन्स या अल्पवयीन मुलीकडे होती आणि पालकामार्फत लिडियाला वर्षभरासाठी जॉन मॅन नावाच्या माणसाला भाड्याने दिलं होतं. काही किरकोळ चुकीवरून मॅन तिला मारू लागला. ती सुटून पळाली. त्याने थांबायला सांगितलं, ती थांबली नाही, तेव्हा त्याने तिच्यावर गोळी झाडली आणि ती जखमी झाली. हल्ला व मारहाणीच्या आरोपावर मॅनवर सरकारने खटला भरला. नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नसे. म्हणजे लिडिया कोर्टात तोंडही उघडू शकत नव्हती. तरीही गोऱ्या पुरुषांच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या ज्युरीने, मॅनवर आरोप ठेवला आणि गोऱ्या पुरुषांच्याच ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. भोवतालच्या समाजात गुलामगिरी मुरलेली होती, पण पळणाऱ्या बाईला गोळी घालणं त्या समाजातल्या बारा माणसांनाही पटलं नाही.

खटला चालवणारा न्यायाधीश तोच जोसेफ डॅनियल, जो पुढे रफिनच्या शेजारी बसला. त्याने ज्युरीला सांगितलं होतं की, शिक्षा क्रूर आणि अपराधाच्या मानाने अवाजवी असेल तर आरोपी दोषी आहे, कारण लिडियावर त्याची मालकी मर्यादित होती. ही मांडणी वकिलाच्या कानाला लगेच पटते. भाड्याने घेतलेल्याचे अधिकार मालकाएवढे नसतात, हा कुठल्याही व्यापारी देशाच्या कायद्यातला साधा नियम. शिवाय 1823 चा स्टेट विरुद्ध हेल हा दाखला हाताशी होता. तिऱ्हाईताने गुलामाला मारलं तर तो गुन्हा आहे, असं याच न्यायालयाने त्यात ठरवलं होतं, आणि तेही त्यासाठी वेगळा लिखित कायदा नसताना. अपिलात अ‍ॅटर्नी जनरलने तेवढंच म्हटलं की, हेल आणि या खटल्यात काही फरक नाही. आरोपी मॅनच्या बाजूने वकीलच उभा राहिला नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. मॅनसाठी कुणी युक्तिवाद केला नव्हता. मालकाचा अधिकार अमर्याद आहे असं घोषित करा, अशी कोर्टापुढे कुणाचीही मागणी नव्हती. अरुंद निकालाला भरपूर जागा होती. मॅन मालक नाही, भाडेकरू आहे, सबब शिक्षा कायम, असं चार ओळींत लिहून रफिनला मोकळं होता आलं असतं. मालकाचं काय, हा प्रश्न पुढच्या खटल्यासाठी ठेवता आला असता. अनुभवी न्यायाधीश नेहमी हेच करतात. जेवढं ठरवायची गरज आहे तेवढंच ठरवतात.

रफिनने उलटं केलं. आधी त्याने भाड्याने घेणारा आणि मालक यांच्यातला फरक पुसून टाकला. सेवेच्या मुदतीत भाड्याने घेणाऱ्यालाही मालकाचेच अधिकार आहेत, असं तो म्हणाला. मग त्याने मोठा प्रश्न स्वतःच उभा केला: मालकाने स्वतःच्या गुलामाला क्रूरपणे मारलं तर तो गुन्हा आहे का? आईबाप आणि मूल, शिक्षक आणि विद्यार्थी, उस्ताद आणि शिकाऊ यांच्याशी असलेली तुलना त्याने नाकारली. कारण त्या नात्यांत धाकट्याचं हित हा हेतू असतो. गुलामगिरीत हेतू मालकाचा नफा, त्याची सुरक्षितता आणि सार्वजनिक शांतता हा आहे. ज्याच्यावर हा अधिकार चालतो तो स्वतः आणि त्याची पुढची पिढी ज्ञानाविना जगण्यासाठी, स्वतःचं म्हणून काही न मिळवण्यासाठी आणि दुसऱ्याने फळ खावं म्हणून राबण्यासाठीच आहे. हे शब्द रफिनचेच आहेत, मी फक्त मराठीत आणले. पुढे त्याचं ते गाजलेलं वाक्य येतं: गुलामाची शरणागती परिपूर्ण व्हायची तर मालकाची सत्ता निरपवादच असली पाहिजे. आणि गुलाम गुलाम राहायचा असेल तर मालकाच्या वर दाद मागायला कुठे जागा नाही, हे त्याला कळलंच पाहिजे. शिक्षा रद्द झाली. मॅन सुटला.

गुलामगिरीचं इतकं स्वच्छ वर्णन तिच्या विरोधकांनीही क्वचित केलं असेल. म्हणूनच उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधकांनी हा निकाल उचलला. 1853 मध्ये 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीची लेखिका हॅरिएट बीचर स्टो हिने त्याची चर्चा करताना लिहिलं की, तो वाचून माणसाबद्दल खोल आदर आणि व्यवस्थेबद्दल भीती एकाच वेळी वाटते. न्यायाधीशाच्या मनात माणूस आणि दंडाधिकारी यांची झुंज चालू आहे, असं रफिनने निकालाच्या सुरुवातीला लिहिलं आहे. स्टोचा त्यावर विश्वास बसला. पुढच्या कित्येक पिढ्यांचाही बसला. सज्जन न्यायाधीश, निर्दय कायदा आणि डोळ्यांत पाणी आणून दिलेला निकाल, असं चित्र तयार झालं.

स्टोसमोर फक्त छापील निकालपत्र होतं. आज आपल्यासमोर रफिनचे खासगी कागद आहेत. चॅपल हिलच्या विद्यापीठात ते जपलेले आहेत आणि त्यात या निकालाचे कच्चे मसुदेही आहेत. शब्द पुन्हा पुन्हा तासून निवडलेले आहेत, हे त्यांवरून दिसतं. त्याच कागदांत दुसरं काय सापडतं? 1820 च्या दशकात बेंजामिन चेंबर्स नावाच्या माणसाबरोबर रफिनची गुलाम खरेदी-विक्रीच्या धंद्यात भागीदारी होती. भांडवल मुख्यतः रफिनचं, विकत घेऊन दक्षिणेकडे नेऊन विकायचं काम चेंबर्सचं. गुलामांचा व्यापार करणाऱ्याकडे तिथला प्रतिष्ठित समाजही नाक मुरडून पाहत असे. रफिनचं नाव पडद्यामागे राहिलं. आणि 1824 मध्ये गुरू मर्फीनेच त्याला पत्र लिहून कळवलं होतं की, तुझ्या मळ्यावरचा मुकादम तुझ्या माणसांना अमानुष वागवतो आहे. म्हणजे मालकाच्या सत्तेचं परिणामी रूप काय असतं, हे रफिनला निकाल लिहिण्याच्या पाच वर्षं आधीपासून स्वतःच्या शेतावरून माहीत होतं. 1860 पर्यंत शंभराहून अधिक माणसं त्याच्या मालकीची होती.

तुम्ही म्हणाल, हा माणसावरचा आरोप झाला, निकालावरचा नाही. मान्य. पण वकील म्हणून मी असं बघतो: न्यायाधीश जेव्हा 'माझी इच्छा वेगळी होती, कायदा आड आला' असं म्हणतो, तेव्हा त्याने स्वतःच्या मनाची साक्ष पुराव्यात दिलेली असते. साक्ष दिली की ती उलटतपासणीला खुली होते. पुरावा त्या साक्षीशी जुळत नाही.

पुढचे निकाल हेच दाखवतात. 1834 मध्ये स्टेट विरुद्ध विल आला. एजकोम काउंटीतला विल नावाचा गुलाम दुसऱ्या एका गुलामाशी झालेल्या कुदळीच्या भांडणानंतर मुकादमापासून पळत होता. मुकादमाने पाठीत गोळी मारली. झटापटीत विलने त्याला भोसकलं आणि तो मेला. विलच्या बाजूने बार्थोलोम्यू मूर या तरुण वकिलाने युक्तिवाद केला, आणि मॅन निकालावर त्याने थेट हल्ला चढवला. कुणाला अपिलात युक्तिवाद कसा करावा हे शिकायचं असेल तर मूरचा तो युक्तिवाद वाचा. गॅस्टनने निकाल लिहिला: हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. जिवावर बेतलेल्या माणसाच्या मनात भीती आणि संताप उसळणं नैसर्गिक आहे, आणि गुलामही माणूसच आहे. रफिन त्या पीठावर होता आणि त्याने वेगळं मत लिहिलं नाही. 1839 मध्ये स्टेट विरुद्ध हूवरमध्ये तर रफिननेच, मिरा नावाच्या गुलाम स्त्रीला महिनोन्‌महिने छळून मारणाऱ्या मालकाची फाशीची शिक्षा कायम केली. त्याचे चाहते हा निकाल नेहमी पुढे करतात. तो बरोबरच होता. पण गुलामाचा खून हा खूनच, हे 1817 च्या कायद्यानेच ठरवून टाकलं होतं. मॅनमध्ये मोकळीक होती तिथे त्याने मालकाकडे झुकून पाहिलं, हूवरमध्ये लिखित कायदा होता तिथे तो पाळला.

आणि मग 1849 चा स्टेट विरुद्ध सीझर. दोन दारू प्यायलेले गोरे रात्री शेतात पडलेल्या गुलामांपाशी आले, आपण गस्तवाले (गुलामांवर पहारा ठेवणारे) आहोत असं सांगून मारहाण करू लागले. सोबत्याला मार पडत असताना सीझरने कुंपणाचा दांडा उचलून एकाला हाणला, तो मेला. पिअर्सन आणि नॅश या दोन न्यायाधीशांनी सदोष मनुष्यवध मानून नव्या सुनावणीचा आदेश दिला. रफिनने भिन्न मत लिहिलं: हा खून आहे. गोऱ्याच्या किरकोळ माराने गुलामाला चिथावणी मिळाली असं मानायला लागलो तर व्यवस्था कोसळेल, असा त्याचा रोख होता. इथे कायद्याने त्याचे हात बांधलेले नव्हते, शेजारचे दोघे उलट दिशेला गेले होते आणि मागे विलचा दाखला होता. तरी त्याने फाशीच्या बाजूने लिहिलं. मॅन निकाल लिहिताना मन जड झालं होतं असं म्हणणारा माणूस वीस वर्षांनी, मोकळ्या मैदानात, त्याच दिशेला गेला. 1855 मध्ये राज्याच्या कृषी संस्थेसमोर केलेल्या भाषणात तर त्याने गुलामगिरीची उघड वकिली केली.

'त्या काळात सगळे तसेच होते' हे उत्तर तुम्हाला या विषयात हमखास ऐकू येईल. ते मान्य करू नका. चोवानची ज्युरी त्याच काळातली होती. डॅनियल, मूर, पिअर्सन, नॅश त्याच काळातले. गॅस्टन तर स्वतः गुलामांचा मालक होता, तरी 1832 मध्ये चॅपल हिलच्या पदवीदान समारंभात त्याने गुलामगिरी हा राज्याच्या मागासपणाला कारण असलेला कलंक असल्याचं तरुणांना सांगितलं. 1838 मध्ये स्टेट विरुद्ध मॅन्युएलमध्ये त्यानेच लिहिलं की, मुक्त झालेला कृष्णवर्णीय राज्याचा नागरिक आहे. कृष्णवर्णीय देशाचे नागरिक नाहीत असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यात ठरवलं त्या ड्रेड स्कॉट खटल्यात न्यायमूर्ती कर्टिसने आपल्या भिन्न मतात त्या निकालाचा आधार घेतला. रफिनच्या शेजारच्याच खुर्चीवर दुसरी वाट दिसत होती. आपल्याकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्या देशातल्या झगड्याचा अर्थ हजारो मैलांवरून जोतीरावांना लख्ख कळत होता.

शेवटच्या वर्षांबद्दल थोडक्यात. 1852 मध्ये निवृत्त होऊन रफिन शेतीत रमला. राज्याच्या कृषी संस्थेचा तो 1854 पासून 1860 पर्यंत अध्यक्ष होता. मुख्य न्यायाधीश राहिलेला हा माणूस अलामान्स काउंटीच्या कोर्टात साधा दंडाधिकारी म्हणूनही बसला, हे मला त्याच्यातलं खरं कर्तव्यभान वाटतं. डिसेंबर 1858 मध्ये त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयावर निवडलं, वर्षभरातच तो बाजूला झाला. फेब्रुवारी 1861 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या शांतता परिषदेत तो नॉर्थ कॅरोलायनाचा प्रतिनिधी होता आणि देश एकत्र ठेवण्यासाठी मनापासून बोलला. अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याचा घटनात्मक हक्क राज्याला आहे, हे त्याला कधीच पटलं नाही. तरी 20 मे 1861 च्या रॅलेच्या परिषदेत त्याने फुटण्याच्या ठरावाला मत दिलं. युद्धानंतर 1866 मध्ये राज्याच्या नव्या घटनेला त्याने विरोध केला. राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने बोलावलेल्या परिषदेला घटना बनवण्याचा अधिकार नाही, असा त्याचा मुद्दा होता, आणि मतदारांनी ती घटना फेटाळली. 1869 मध्ये त्याने मुलाला पत्र लिहून कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गुप्त संघटनेपासून दूर राहायला सांगितलं. कायद्याबाहेरच्या हिंसेबद्दलचा त्याचा तिटकारा प्रामाणिक होता. कायद्याच्या आतल्या हिंसेबद्दल तसा तिटकारा त्याच्या निकालांत मला सापडत नाही. 15 जानेवारी 1870 रोजी तो हिल्सबरोला वारला. सेंट मॅथ्यूज चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. या चर्चची जमीन त्यानेच दिली होती.

1915 मध्ये रॅलेत त्याचा पुतळा उभा राहिला, न्यायालयाच्या इमारतीत प्रवेश करतानाच दिसेल असा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात मुख्य न्यायाधीशाच्या खुर्चीमागे त्याचं भलंमोठं चित्र होतं. 2020 च्या जुलैमध्ये पुतळा हलवला, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये चित्र काढण्याचा आदेश न्यायालयाने दिला. यावर माझं मत विचाराल तर मी दोन्हीशी सहमत आहे. न्यायदालनातलं चित्र हे इतिहासाचं पुस्तक नसतं. न्याय मागायला आलेल्या माणसाला ते सांगत असतं की हे न्यायालय कुणाला आदर्श मानतं. लिडियाची वंशज असू शकेल अशी कुणी पक्षकार त्या दालनात उभी राहते, आणि समोर तो न्यायाधीश असतो ज्याने लिहिलं की हिच्यासाठी दाद मागायची जागाच नाही. चित्र काढल्याने रफिनचे निकाल पुसले जात नाहीत. रेल्वेचा निकाल अजूनही वाचण्यासारखा आहे.

वाचायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी हेल, मग मॅन, आणि मॅन वाचताना दर परिच्छेदापाशी थांबून विचारा की हे ठरवायची या खटल्यात गरज होती का. मग होक विरुद्ध हेंडरसन घ्या, कारण मालमत्ता या शब्दाचं दुसरं टोक तिथे आहे. त्यानंतर मूरच्या युक्तिवादासह विल, मग हूवर. शेवटी सीझर वाचा, आणि त्यात पिअर्सनचं मत आधी, रफिनचं नंतर.